गाळलेल्या जागा

स्टूल काढू नका, बेंडकुळे मॅडम म्हणाल्या,
स्टुलाच्या पायांमधली हवा काढा.
कॉलेज रोडच्या त्या दुसऱ्या मजल्यावर
आम्ही सात जण. सहा पोरंपोरी
आणि मी, बासष्ट पूर्ण, सातपूरच्या कंपनीतून रिटायर.
शाळेत शिकलो होतो, गाळलेल्या जागा भरा.
न भरल्या की मार्क जायचे.
आता ही बाई, माझ्या मुलीहून लहान,
म्हणते, भरायची घाई नको. कडेकडेनं जा.

गेलो.
चार पायांमध्ये एक चौकोन सापडला, जरा तिरका,
आडव्या दांडीखाली दुसरा, बसका,
आणि पाव्हणा दारात अवघडून उभा राहावा तसा एक त्रिकोण.
कोळसा फिरवला. हवा काळी झाली
आणि स्टूल, त्याला हातही न लावता,
पांढरं उठून आलं.
मी थोडा वेळ गप्प बसलो.
शेजारच्या पोरानं विचारलं, काका, खोडरबर हवंय का?

हे मला येत होतं की.
एकतीस वर्षं प्रेसखाली पत्रा सरकवला,
धाड, वायसर खाली, धाड, वायसर खाली,
वायसर गेले पंख्यांत, मिक्सरांत,
कुणाकुणाच्या स्कूटरमध्ये, देशभर.
आमच्याकडं उरायची ती भोकांची जाळी.
भंगारवाला साजिदभाई किलोनं न्यायचा,
वजन पत्र्याचं व्हायचं,
भोकांचे पैसे कुणी मागितले नाहीत.

एक जाळी मी मागून आणली.
कागदावर ठेवली. कागद द्राक्षाच्या पेटीतला,
पिंपळगावचा शिक्का अर्धाच दिसणारा.
स्पंजानं गेरू थापला, वर चहाचं पाणी,
तांबट लेनमधनं आणलेला तांब्याचा कीस
ओल्या डिंकावर भुरभुरला.
जाळी उचलली तर
सगळे वायसर परत आले होते.
रांगेत. पहिल्या पाळीला यावेत तसे.

एका रविवारी मॅडमनी पांडवलेण्यांवर नेलं.
पोरं सावलीत बसून खांब काढत होती.
मी विचारलं, एवढा डोंगर कोरला,
त्याचं भंगार कुठं गेलं?
सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.
खाली हायवेवर ट्रक चालले होते,
लांब अंबडच्या शेड उन्हात चमकत होत्या.
माहीत नाही हो, काका, म्हणाल्या,
आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

हात मात्र मी टाळत होतो.
डावा. तर्जनी आणि मधलं बोट.
सत्याऐंशी साल, दुसरी पाळी, पावणेदहा.
ईएसआयच्या तक्त्यात बोटाबोटाचे टक्के छापलेले असतात;
बाबूनं फूटपट्टी ठेवून ओळ वाचली होती.
त्या टक्क्यांतून आमची मोरी बांधली.

तो हात टेबलावर ठेवला नि स्वतःला म्हटलं, कडेकडेनं.
अंगठ्याच्या टोकावरून निघालो, खाली उतरलो,
दोन टेकाडं, गुळगुळीत,
मग अनामिकेची उभी भिंत.
मधे केवढी जागा!
कागदात मावेना. दुसरा कागद जोडला.
बाकी सगळीकडं जाळीचे ठसे, पेपरचे तुकडे,
लासलगावच्या कांदा-भावांचा अख्खा एक रकाना.
त्या जागेला गेरू नाही, कोळसा नाही.
तिथं नुसता कागद.

घरी आणून भिंतीला टेकवलं.
सिंधू या सगळ्याला रिकामपणचे उद्योग म्हणते.
कणीक मळता मळता उठून आली, बघत राहिली.
लग्नापासून माझी नखं तीच काढते.
डाव्या हाताचा अंगठा झाला की
नेलकटर हवेत थांबतं,
दोनदा,
मग पुढच्या बोटावर येतं.
मला वाटायचं, चष्म्यानं अडखळते.

हे दुसरं टेकाड चुकलंय, ती म्हणाली.
एवढं उंच नाही ते. आणि जरा आतल्या अंगाला झुकलंय.
पिठाचं बोट कागदापासून वीतभर लांब धरून
तिनं हवेतच ती रेघ
बरोबर काढून दाखवली.