गवसणी

विषय क्रमांक चार. मी लिहिते:
सुरुवात सात वाजून दहा मिनिटांनी,
उपस्थिती एकसष्ट, खुर्च्या पन्नास.
छत गळतं तिथे बादली ठेवलीय,
ते इतिवृत्तात येत नाही.

पडद्यावर डॉ. येस्टिन प्रॉसरांचे मनोरे,
होल्डरनेसच्या कड्यावर ओळीने बारा.
समुद्राचं पाणी धुक्याहून बारीक करून
वर फेकतील म्हणे,
मिठाच्या कणांनी ढग होतील पांढरे, आणखी पांढरे,
आणि ऊन आल्या पावली परत जाईल.
पहिला टप्पा नव्वद कोटी पौंड.
मागून कुणी शीळ घातली.
तीही येत नाही.

डेस्मंड ऑक्सटबी उठले, कॅरव्हान पार्कवाले.
"तीस वर्षं मी या किनाऱ्यावर ऊन विकतोय.
आधीच माल कमी,
त्यात तुम्ही तो परत पाठवणार?"
हशा.
मी लिहिते: पर्यटनाबाबत चिंता व्यक्त करण्यात आली.

माझे वडील मिरजेला गवसण्या शिवायचे,
तंबोऱ्याच्या, सतारीच्या.
माप टेपने नाही, वितीने.
भोपळ्यावरून हात फिरवत राहायचे डोळे मिटून,
कारण दोन भोपळे सारखे नसतात.
शाळेत 'आकाशाला गवसणी' शिकले त्या दिवशी
मी धावत येऊन विचारलं,
बाबा, कापड किती लागेल?
ते हसले नाहीत. तोंडातली सुई काढून म्हणाले,
घालायची कशी ते राहू दे,
काढायची कशी, ते आधी सांग.

विनिफ्रेड थॅकरे बसूनच बोलल्या, गुडघ्यांमुळे.
"माझ्या ओट्यापासून कड्यापर्यंत चौदा मीटर.
गेल्या साली सतरा होते.
मनोऱ्याला माझी ना नाही,
पण तो उभा कशावर राहणार?"
डॉक्टर कागद चाळू लागले. मातीचा अहवाल
परिशिष्टात होता. परिशिष्ट हलमध्ये राहिलं होतं.

मग केझाया, कॉलेजातली, केस ओले,
पोहण्याच्या सरावावरून थेट आलेली.
"नको म्हणणं तुम्हाला परवडतं," ती म्हणाली,
"तुमचं आयुष्य झालंय बरंचसं.
मी साठीची होईन तेव्हा मला काय दाखवाल?
ही वही?"
तिने माझ्याकडे बोट केलं.
मी पेन उचललं आणि काहीच लिहिलं नाही.

कोणीतरी, नाव विचारायचं राहिलं,
तपकिरी जर्सी, वेल्डर असावा, म्हणाला,
"काम स्थानिक लोकांना मिळणार का?"
उत्तर लांबलं, तसा तो खाली बसला.

आणि पैसे संपले तर? पुन्हा विनिफ्रेडच.
पुढचं सरकार म्हणालं, पुरे, तर?
प्रॉसर खोटं बोलू शकले असते.
माणूस थांबला, चष्मा पुसला.
"आमच्या या चाचणीपुरतं म्हणाल, तर काही नाही.
पण जगभर वर्षानुवर्षं चालवून मध्येच थांबलो,
तर अडवलेली ऊब थोड्याच वर्षांत परत येईल."
हॉलमध्ये फक्त बादली बोलत होती.

हात मोजायचं काम माझं.
बाजूने एकोणतीस. विरुद्ध तीस.
केझायाचा हात अजून वरच.
ऑक्सटबींचा अर्धा वर, तो श्रवणयंत्राशी चाळा
की मत, मी दोनदा विचारलं,
त्यांना ऐकू आलं नाही.
मला हात नाही, मी कारकून.
विषय पाच, छप्पर दुरुस्ती:
निधीअभावी पुढील सभेत.

सगळे गेल्यावर प्रॉसर खुर्च्या रचू लागले,
कुणी सांगितलं नव्हतं.
बादलीही त्यांनीच उचलली, दारातून बाहेर रिकामी केली.
बाहेर धुकं, गच्च, समुद्रावरून आलेलं,
फुकटचं.
म्हणाले, तुम्ही रात्रभर ऐकत होता, तुम्हाला काय वाटतं?

मी म्हटलं, माझे वडील शिंपी होते,
त्यांनी विचारलं असतं,
हिचे बंद कुठे आहेत?

मला वाटलं, हसतील.
ते रिकामी बादली हातात धरून
तसेच दारात उभे राहिले,
खरंच शोधत असल्यासारखे.