मानमोडी

म्वानाहावा आली ती कोंबडी घेऊन,
मक्याच्या पिठाच्या पिशवीत, वर केळीचं पान.
किनोलेच्या उतारावरून पहाटेच निघाली होती,
दालादालात मांडीवर पिशवी धरून.
कंडक्टरने कोंबडीचं तिकीट मागितलं म्हणे.
ही म्हणाली, मेलेल्याचं कसलं तिकीट?

"नाव सांग, डॉक्टर फेलिसियाना.
गावात म्हणतात म्दोंडो."
म्दोंडो, म्हणजे टपकणं. झाडावरून फळ टपकतं तसं.
आधी मान मोडते, मग कोंबडी टपकते,
एवढं तर गावालाही ठाऊक.

मला लागतात पाच दिवस.
मेंदू, प्लीहा वाटून, गाळून
थेंबभर टोचते नऊ दिवसांच्या अंड्यांत,
भोकावर मेण,
आणि रोज अंधाऱ्या खोलीत एकेक दिव्यापुढे धरते.

तुम्ही पाहिलंय कधी?
कवचाआड तांबूस उजेड, त्यात शिरा
उसवलेल्या लाल दोऱ्यासारख्या,
आणि मधे काळा ठिपका: डोळा.
तो हलतो. उजेड नको म्हणून बाजूला होतो.

तिसऱ्या दिवशी बारांपैकी सात हलले नाहीत.
मी वहीत बरोबरची खूण केली.
वीस वर्षं हेच करते आहे.
निरोगी जीव थांबला की माझं उत्तर बरोबर येतं.
आईला एकदा समजावून सांगितलं होतं.
ती म्हणाली, असो, पगार तर वेळेवर होतो ना?
तोही होत नाही.

पाचव्या दिवशी ताटलीतल्या खळग्यांत रक्त.
विषाणू नसेल तर कण तळाशी घसरतात, लाल बटण होऊन.
असेल तर एकमेकांना धरून राहतात
मयताच्या घरी जमलेल्या बायांसारखे.
आठ खळग्यांत कुणी कुणाला सोडलं नाही.
नाव मिळालं. वीज गेली.

शनिवारी डोंगर चढले, नाव सांगायला.
वाटेत थांब्यावर सूप प्यायले, लिंबू पिळून.
कोंबडी कोवळी होती, आणि स्वस्त.

म्वानाहावाचं खुराडं उघडंच होतं.
बावीसपैकी सोळा गेल्या.
पाच तिने निम्म्या भावात विकल्या,
पहिली मान वाकडी होताच.
"पोराची परीक्षेची फी होती," ती म्हणाली,
"आणि घेणाऱ्यालाही कळत होतं."
"कुणाला विकल्यास?"
तिने खाली थांब्याकडे बोट केलं.

जिभेवर लिंबू अजून होतं.

मी कागदावरचं नाव वाचून दाखवलं.
तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, नीट,
मग विचारलं,
"आता ह्याचं काय करू?"

जूनमध्ये लस घेऊन गेले.
बाटली ओल्या फडक्यात, फडकं मडक्यात.
डोळ्यात एक थेंब.
थेंब पडला म्हणून लगेच सोडायचं नाही,
कोंबडी डोळा मिटेपर्यंत धरून ठेवायचं.
गावातली पोरं हे पटकन शिकली.
माझे विद्यार्थी घाई करतात.

बावीसांतली ती एक अजून होती.
मान उलटी, नजर कायम आभाळाकडे,
पुढे जायचं तर आधी गोल फिरायची.
दाण्यावर चारदा चोच चुकायची,
पाचव्यांदा लागायची.
"हिला कापलं नाहीस?"
"अंडी देते," म्वानाहावा म्हणाली,
एवढंही कसं कळत नाही अशा आवाजात,
आणि निघताना एक माझ्या हातात ठेवलं. ऊब होती.

मोरोगोरोला पोचले तेव्हा घरात अंधार.
सवयीने मी ते टॉर्चपुढे धरलं.
शीर नाही, ठिपका नाही.
कोंबडे सगळे मेले होते ना,
आणि नवे अजून पिल्लंच.
नुसता पिवळा उजेड, हलवला की हलणारा.

बराच वेळ तशीच उभी राहिले.
मग तवा ठेवला. मीठ शोधलं.