दुरुस्तीची चिठ्ठी

लिलाँग्वेच्या सभागृहात
माझी खुर्ची सभापतींच्या पायाशी.
मी बोलत नाही, लिहिते.
सतरा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं
माझ्या पेन्सिलीतून जातात,
काळेपणा तेवढा तर्जनीवर राहतो.

काल दुपारी तावोंगा म्सिस्का उठल्या.
विरोधी बाक, दुसरी रांग,
हातात बुटांचा एक खोका.
सभापती म्हणाले, सभागृहात वस्तू आणता येत नाही.
वस्तू नाही महोदय, पावत्या आहेत.
(हशा.)

पेट्रोलच्या पावत्या. काहींवरची शाई उडालेली.
लिटरमागे रस्त्यासाठी इतके, पुलासाठी इतके,
अकरा वर्षं.
"लुवेया नदीवर पूल नाही, महोदय,
पण पुलाचा कर आहे.
दर अर्थसंकल्पात तो बाळसं धरतो.
पूल मात्र अजून पोटातच आहे."
(हशा. सत्ताधारी बाकांवरूनही.)

मग आवाज खाली आणून त्या
यॉटाम मुंथालीबद्दल बोलल्या.
एका खोडातून कोरलेली त्याची होडी.
सायकल पलीकडे न्यायचे पाचशे क्वाचा,
पोटुशी बाई असली तर काही नाही.
नर्स लसींचा डबा मांडीवर घेऊन बसते,
आतला बर्फ आणि पलीकडचा काठ
यांची रोज शर्यत.
"यॉटामच्या होडीला पेट्रोल लागत नाही.
पण त्याच्या मिठाला लागतं, साबणाला लागतं,
मका दळणाऱ्या गिरणीला डिझेल लागतं.
म्हणजे पुलाचा कर तोही भरतो
आणि वर
स्वतःच पूल होतो."

इथे कोणी हसलं नाही.
कंसात काय लिहावं, मला सुचेना.
शांततेला आमच्या लघुलिपीत खूण नाही.

अर्थमंत्री उठले. राजधानीतला चौपदरी रस्ता,
उड्डाणपूल, त्यावरचे दिवे, दिव्यांची संख्या.
टप्प्याटप्प्यानं, म्हणाले.
हा शब्द मी एका फटकाऱ्यात लिहिते,
इतका येतो.
"आणि सन्माननीय सदस्यांनी
लुवेयाची कोनशिला पाहिली असेलच."

"पाहिली," त्या म्हणाल्या.
खोक्याचं झाकण लावत होत्या, नीट बसत नव्हतं.
"पुलाचा तेवढाच भाग बांधून झालाय.
बायका त्यावर उसिपा वाळत घालतात,
काळा दगड लवकर तापतो, मासळी चांगली सुकते.
मी मासळी बाजूला सारून वाचलं.
तिसऱ्या ओळीत माझं नाव आहे.
तेव्हा मी तुमच्या बाकावर होते,
या कराला हात मीही वर केला होता.
काळ्या दगडावरची रेघ आहे, महोदय, पुसायची कशी?"

(गोंधळ.)
असं लिहिलं खरं,
पण ओरडत एकच माणूस होता.
बाकीचे आपापल्या हातांकडे बघत होते.

संध्याकाळी दोन चिठ्ठ्या आल्या.
एक मंत्र्यांच्या कार्यालयातून, टंकलिखित:
'टप्प्याटप्प्यानं' चार वेळा आलंय, एकदाच ठेवावं.
दुसरी चार घड्या घातलेली, हस्ताक्षर त्यांचं:
दगडावरच्या नावापासून पुढचं
वगळता आलं तर बरं होईल.
खाली सही. सहीखाली बारीक अक्षरात,
निवडणूक जवळ आली आहे, तुम्ही समजून घ्याल.

मी समजून घेतलं.
दिवा लावून ती वाक्यं पुन्हा वाचली,
दोनदा, मग ओठ हलवत एकदा.
नियम असा आहे की
शुद्धलेखन सुधारता येतं, अर्थ नाही.
त्यांच्या आडनावातला एक स सुटला होता.
तेवढा घातला.

बाहेर मिनिबसच्या पोऱ्यानं
दोनशे क्वाचा जास्त मागितले.
डिझेल, म्हणाला.
दिले.
त्यानं पावती दिली नाही,
मीही मागितली नाही.