पत्ता अपुरा

एकतीस वर्षं मी टॅडकॅस्टरहून टपाल वाटलं.
सॅक्स्टन, टाउटन, मधली विखुरलेली फार्महाउसं.
कुठल्या दाराची फट अरुंद,
कुठला कुत्रा नुसताच भुंकणारा,
सगळं पायांना पाठ.
आणि वाटेत, रोज, हे शेत.

पहिली सहा वर्षं ते फक्त बार्लीचं होतं.
मग एकदा क्लिफर्ड ओल्डरॉइडनं
विजेचं बिल घेता घेता ट्रॅक्टरवरूनच सांगितलं,
"इथं, माझ्या बार्लीत, एका दिवसात इतके पडले
की मोजणाऱ्यांचं अजून एकमत नाही."
तेवढंच. गिअर टाकला, गेला.
त्या दिवशी अख्ख्या सॅक्स्टनला पत्रं उशिरा मिळाली.

तेव्हापासूनचं हे वेड.
ऑड्री म्हणते, लोक बाई ठेवतात,
तू पंधरावं शतक ठेवलंयस.
खोटं कसं म्हणू?
सुट्ट्या हेस्टिंग्जला, बॉसवर्थला,
भर पावसात कलोडनला,
आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी
नेझबीच्या एका कुंपणाशी थर्मासमधला चहा.
तिनं हूं की चूं केलं नाही.
फक्त म्हणाली, सगळीकडे गवतच आहे की रे.

गवतच आहे.
पण मला वारा वाचता येतो,
सायकलवर टपाल वाटणाऱ्याला तो यावाच लागतो.

पाम संडे. बर्फ. वारा दक्षिणेचा,
एका फौजेच्या पाठीवर, दुसरीच्या डोळ्यांत.
दक्षिणेकडच्यांनी बाण सोडले
आणि गुपचूप पावलं मागे घेतली.
उत्तरेकडचे, आंधळे झालेले,
भाते रिकामे होईतो उत्तरं धाडत राहिले.
सगळी अलीकडेच पडली, बर्फात.
मग हे पुढे आले,
तेच बाण मातीतून उपटले
आणि : पाठवणाऱ्याकडे परत.

हे सांगताना मी हसत होतो.
आमच्या खात्यातला विनोद म्हणून.
ऑड्री बशा पुसत होती. म्हणाली,
"ज्याचा होता त्यालाच लागला असेल का रे एखादा?"

पंचवीस वर्षं मी पुस्तकं जमवली,
नकाशे घड्यांवर फाटेस्तोवर उलगडले,
कुठली तुकडी कुठे वळली ते झोपेत सांगेन.
हा प्रश्न मला पडला नव्हता.

मागच्या ऑक्टोबरात, नांगरटीनंतर,
उत्खननवाल्यांच्या मागोमाग रांगेत चालताना
माझ्या यंत्रानं बारीकशी कुरकुर केली.
खुरपं लावलं.
पितळेची सुरळी, काडीच्या अर्ध्याएवढी :
नाडीचं टोक.
तलवार नाही, नाणं नाही,
अंगरख्याची बाही खांद्याला बांधायच्या
नाडीचं टोक.
आत काळपट काहीतरी, धागा असेल, माती असेल.
त्या पहाटे कुणीतरी बधिर बोटांनी
हे भोकातून ओवलं असणार.
दोनदा चुकलं असणार.
लाल गुलाबाकडचा की पांढऱ्या,
पितळ काही सांगत नाही.

झेंडी रोवली. आकडे टिपले.
लहानशा पिशवीवर चिठ्ठी :
खोली, चार इंच. सापडलं कुणाला, तिथे माझं नाव.
पुढच्या ओळीपाशी पेन उगाच थांबलं.
अपुऱ्या पत्त्याचं पाकीट आम्ही कधी टाकून देत नसू,
वरच्या फळीवर वेगळं ठेवायचं,
येईल कुणी विचारत.

यंदाच्या पाम संडेलाही निघालो.
कंबर आता वाकत नाही,
बुटांच्या नाड्या ऑड्रीच बांधते,
जमिनीवर बसून, दुहेरी गाठ,
वर न बघता.
"अंधाराच्या आत ये," म्हणाली.

बाहेर वारा दक्षिणेचाच होता.