एकच आकडा

रिवणच्या बंद खाणीत, तिसऱ्या पायरीवर,
जिथे माझा टिपर रात्री उभा असायचा,
तिथे आता सहा इंचांचं एक भोक आहे,
सातशे मीटर खोल,
आणि त्याचा राखणदार मी, गुणो वेळीप.

काम एवढंच :
तळाशी सोडलेला मापक काय सांगतो
ते तासातासाला वहीत लिहायचं.
एकसष्ट पूर्णांक चार.
एकसष्ट पूर्णांक चार.
एकसष्ट पूर्णांक चार.
तिसऱ्या रात्री मला माझ्याच हस्ताक्षराची शंका आली.

आषाढात सावर्ड्याची लाइन पडली,
गाव दोन दिवस मेणबत्तीवर.
पंचायतीच्या छपरावरच्या सौर पाट्यांना ऊन दिसेना.
मी बॅटरीच्या उजेडात लिहिलं
एकसष्ट पूर्णांक चार,
आणि कुणालातरी सांगावंसं वाटलं.
शेजारी फक्त खड्ड्यातलं हिरवं पाणी.

मग वही पणजीला गेली
आणि फर्टाडो बाई जीप घेऊन आली,
रात्री अडीचला, न सांगता.
"तू घरी झोपून लिहितोस," म्हणाली,
"खरा आकडा थोडा तरी हलतो, गुणो."
मी चिडलो नाही.
खाणीच्या दिवसांत टनांचे आकडे कसे हलायचे
ते मी पाहिलंय :
वजनकाट्यावर एक, बार्जवर दुसरा.

तिने स्वतःचा मापक काढला.
तार सुटत राहिली पाऊण तास,
जांभ्यातून, चिकणमातीतून,
मग मला नाव माहीत नसलेल्या कातळातून.
आम्ही थर्मासमधला चहा प्यालो. कोमट झालेला.
तिच्या पेटीवर उजळलं :
एकसष्ट पूर्णांक चार.

बराच वेळ ती बोलली नाही.
मग म्हणाली, एवढ्यावर दिवा लागायचा नाही,
अजून दोन हजार मीटर जावं लागेल,
पैसे मिळाले तर.
जीपमध्ये बसताना म्हणाली,
"पण खाली जे आहे, ते सुट्टीवर जात नाही."

ती गेल्यावर लोखंडी झाकणावर तळवा ठेवला.
याच हातांनी अठरा वर्षं मी डोंगर भरून नेला धक्क्यावर,
कुठे चाललो, डोंगराने एकदाही विचारलं नाही.
झाकण गारच होतं.
ऊब खाली, तिच्या जागी.

चार वाजता वही उघडली.
आकडा लिहिला,
आणि पुढे, पहिल्यांदाच,
पूर्ण नावाने सही केली.