डावीकडून

मी फेरीबोटीवर गाड्या चढवते.
चाकाओच्या धक्क्यावर, नारिंगी जाकीट, तोंडात शिट्टी.
सामन माशांचा टँकर मधोमध,
लाकडाचे ट्रक त्याच्या दोन्ही अंगांना,
मेंढ्यांची पिकअप मागे, आडोशाला, नाहीतर बिचाऱ्या भिजतात.
कप्तान वरून दोन बोटं दाखवतो: कलतेय, नोल्फा.
मी एखादी लहानशी गाडी हातभर मागे घ्यायला लावते
आणि एवढं मोठं लोखंड गुमान सरळ होतं.

सोळा वर्षं. कुणाची कॉफीसुद्धा सांडली नाही.

म्हणून दोन्या एर्मिंदा, माझी सासू, विचारते,
बोटीला जमतं ते घराला का जमू नये?
विचारते आणि बटाटे सोलत राहते.
एक ना धड, भाराभर चिंध्या, हेही म्हणते,
पण ते बटाट्यांकडे बघून.

चिंध्या मोजायच्या तर,
फ्रिजवर चिकटवलेल्या बाल्दोच्या चिठ्ठ्या.
तो रात्री कारखान्यात मासे कापतो, मी दिवसा बोट भरते,
आमचा संसार बराचसा लेखी आहे.
गॅस संपत आला.
नाउएलचं औषध दिलं, अर्धंच प्यायला.
आणि एकदा नुसतंच:
तुझी टोपी ओली होती. पाऊस तर नव्हता.
त्या चिठ्ठीला मी उत्तर दिलं नाही.

रेकॉर्डर मुलांच्या बुटांच्या खोक्यात असतो,
दारूची बाटली लपवावी तसा,
कुणापासून, ते मलाही सांगता येणार नाही.
सकाळी सहाच्या आत घरामागच्या रानात शिरते मी
चुकाओचा आवाज पकडायला.
मुठीएवढा पक्षी, विटकरी छाती,
बाटली उपडी केल्यासारखा गळ्यात बुडबुडतो, दिसत मात्र नाही.
उजवीकडून बोलला तर दिवस चांगला,
डावीकडून बोलला तर माघारी फिरावं,
असं आमच्या बेटावर म्हणतात.
मी कधी फिरले नाही.
माझा डावा कानच शाबूत आहे, उजवा शिट्टीनं नेला.

वाल्दिवियाहून विद्यापीठातल्या एका बाईंचं पत्र आलं:
तीस सेकंद पाठवा, फक्त आवाज स्वच्छ हवा.

स्वच्छ.
दोनशे अकरा टेपा आहेत माझ्याकडे.
एकीत बोटीचा भोंगा, एकीत शेजाऱ्याची कुऱ्हाड,
एकीत मिल्लाराय दारातून ओरडतेय, आई, माझा दुसरा बूट कुठाय,
आणि पक्षी बिचारा लगेच गप्प,
जणू बूट त्यानंच लपवलाय.

रविवारी रात्री कापायला बसले.
खोकला काप. भोंगा काप. बूट काप.
बाल्दोची सुट्टी होती.
लिंबानं तीनदा धुतलेले त्याचे हात, तरी माशाचाच वास.
हेडफोनचा एक कान त्याला, एक मला.
ऑक्टोबरातली टेप लागली.
डावीकडून चुकाओ, चार सेकंद, काचेसारखा लख्ख.
मग लांबून म्हातारीची हाक, नोल्फा, नोल्फा,
मग चिखल, फांद्या, माझा श्वास.
धावत्या माणसाचा श्वास किती कुरूप असतो.

नाउएलला ताप चढला ती सकाळ.
बाल्दो कारखान्यात होता. मी रानात.
हे आम्ही कधी बोललो नव्हतो, फ्रिजवरही नाही.

पुन्हा लाव, तो म्हणाला.
मला वाटलं, पक्ष्यासाठी.
तो घड्याळ बघत होता.
एक मिनिट बारा, तो म्हणाला. चढ आहे तिथे.

सामुद्रधुनीत पुलाचे खांब वर येतायत.
पूल झाला की बोटी बंद, मग तुला वेळच वेळ,
सगळे म्हणतात.
पगाराचं कुणी काढत नाही.

बाईंना तीस सेकंद पाठवले.
चार पक्ष्याचे, उरलेले माझे.
खाली लिहिलं, स्वच्छ नाही, माफ करा.

आणि फ्रिजवर, त्या जुन्या चिठ्ठीखाली:
रानात दव पडतं.