पायऱ्या नसलेलं दार

नवं दार चौकटीसकट आलं.
बिजागऱ्या आधीच बसवलेल्या,
पुठ्ठ्यात गुंडाळलेलं, कडेला प्लास्टिकची क्लिप,
तोंड मिटून प्रवास केलेलं.
डार्बीज कोव्हला रस्ता संपतो,
तिथून मी आणि ॲम्ब्रोजने ते हातांवर आणलं.
दोनदा वारा पुठ्ठ्यात शिरला,
दोनदा आम्ही शिडासारखे गर्रकन फिरलो.

ड्रुसिला कीपिंग खिडकीतून बघत होती.

न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर
सगळे मागच्याच दाराने येतात,
थेट स्वयंपाकघरात, बूट काढत, बोलत बोलत.
पुढचं दार भिंतीत असतं, एवढंच.
पायऱ्या नसतात त्याला.
उघडलंत तर समोर चार फूट हवा,
खाली गवत, पलीकडे समुद्र.
"पायऱ्या पुढच्या वर्षी," तिचा सायलस म्हणायचा.
एकेचाळीस वर्षं म्हणत होता.
मग त्याच दारातून त्याला बाहेर काढलं.
खाली सहा जण हात वर करून उभे,
आणि फुगलेलं दार निम्मंच उघडेना.
"माझ्या वेळी असला तमाशा नको,"
ती मला फोनवर म्हणाली, आणि रंग सांगितला. पिवळा.

जुनी चौकट पहारीने उचकटली.
खिळे कण्हत निघाले.
भिंतीत नुसतं भगदाड उरलं
आणि घरभर मिठाचा वास.

हे घर इथलं नाही.
समोरच्या बेटावरून आणलेलं,
पिंपं बांधून, भरतीवर तरंगत, होड्यांनी ओढत.
ती तेव्हा एकोणीसची. धक्क्यावर उभं राहून तिने
आपलं स्वयंपाकघर खाडीतून येताना पाहिलं.
मी पाणसळ ठेवली,
बुडबुडा डावीकडे पळाला.
अजून थोडी होडीच आहे ती.

नवशिका होतो तेव्हा घराच्या कलाने घ्यायचो.
तसं बसवलं तर दार आपोआप उघडतं,
आणि लोक म्हणतात, भूत आहे.
आता आधी बिजागरीची बाजू, ओळंब्यात,
मग वरचा कोपरा, मग कुलुपाची बाजू.
घराची कुरकुर काय असेल ती
पाचरींनी ऐकून घ्यायची.

जुना उंबरठा उचलला,
तर खाली एक पाचर, हाताएवढी,
वल्ह्याचं पातं तासून केलेली. निळा रंग अजून कडेला.
मी ती पुढे केली.
ड्रुसिलाने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.
"हे वल्हं मी चुलीत घातलं म्हणून
हा माणूस आठ दिवस बोलला नाही माझ्याशी."
आम्हाला हसावं की कसं, कळेना.
"आठ दिवस," ती म्हणाली,
आणि पाचर एप्रनच्या खिशात टाकून चहा करायला गेली.
आत भांडी जरा जोरातच वाजत होती.

सीलंटच्या तीन रेघा. चौकट उभी, आत ढकलली.
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापलं, दोन्ही वेळा तेच.
वरच्या बिजागरीतून लांब स्क्रू थेट भिंतीच्या खांबात,
कारण सगळा भार तिथेच लोंबतो.
फोम थोडाच.
जास्त भरला तर तो फुगून चौकट वाकवतो;
मायेचं पण तसंच, असं माझी आई म्हणायची,
पण ती दारं बसवत नव्हती.

चारी बाजूंना नाण्याच्या जाडीची फट.
क्लिप काढली. दार लोटलं.
आवाज नाही, नुसतं एक मऊ 'हं'.
वारा बाहेरच राहिला.

मग ती आली, तिने ते उघडलं,
आणि आम्ही अडवायच्या आत
नव्या उंबरठ्यावर बसली,
पाय बाहेर सोडून, कपबशी मांडीवर.
समोर ते बेट, धुक्यात अर्धं.
"इथून दिसतं होय," ती म्हणाली.

मी विचारलं, पायऱ्या करून देऊ का?
फळ्या आहेत गाडीत.
"पुढच्या वर्षी."

खाली ॲम्ब्रोज गवतात सांडलेले स्क्रू वेचत होता,
तिच्या हलणाऱ्या सपाता चुकवत.